३३ लिटरच्या टाकीसाठी स्पंज फिल्टर निवडताना

गेल्या वर्षी जूनमध्ये कोथरूडच्या आमच्या घरी १८ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशी काचेची टाकी आणली आणि तिच्यात सहा गप्पी मासे ठेवायचे ठरले. गप्पींची पिल्ले जन्मतः जेमतेम पाव इंचाची असतात आणि मोटरच्या फिल्टरमध्ये सहज ओढली जातात, म्हणून फिल्टर स्पंजचाच घ्यायचा, याबद्दल घरात दुमत नव्हते. प्रश्न होता तो आकाराचा, आणि त्याचे उत्तर मिळायला मला चार महिने आणि तीन फिल्टर लागले.

पहिला फिल्टर दोन स्पंजांचा होता. "काका, मोठाच घ्या, पुढेमागे टाकी वाढवलीत तरी तोच चालेल," असे दुकानदाराने सांगितले आणि मला ते पटलेही. खोक्यावर २०० लिटरपर्यंतच्या टाकीसाठी असे छापलेले होते. घरी तो बसवला तेव्हा दोन स्पंजांनी टाकीचा एक कोपरा पूर्ण व्यापला, आणि उभी नळी पाण्याच्या वर आल्यामुळे ती दोन इंच कापावी लागली. एअर पंप सुरू केल्यावर पाणी इतके ढवळले गेले की लांब शेपटीचे दोन्ही नर समोरच्या कोपऱ्यात वनस्पतींच्या आड जाऊन बसले आणि खाण्यापुरतेच बाहेर येऊ लागले. फिल्टर मोठा झाला, असा निष्कर्ष काढून मी आठवडाभरात तो काढला आणि उपलब्ध असलेला सर्वांत लहान फिल्टर घेऊन आलो.

माझी खरी चूक इथे झाली. स्पंज फिल्टरला स्वतःची मोटर नसते. पंपाची हवा बुडबुड्यांच्या रूपाने उभ्या नळीतून वर चढते, चढताना पाणी बरोबर नेते आणि त्या पाण्याची जागा घेण्यासाठी टाकीतले पाणी स्पंजमधून आत ओढले जाते. म्हणजे प्रवाह किती जोरात असेल हे मुख्यतः हवेच्या प्रमाणावर आणि नळीच्या लांबी-रुंदीवर ठरते. स्पंजचे काम निराळे असते. तो कचरा अडवतो आणि माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या, माशांना घातक अशा अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना राहायला जागा देतो. हवेचा दोष मी स्पंजच्या माथी मारला होता. हवेच्या नळीवर एक साधा प्लास्टिकचा कॉक लावून हवा कमी केली असती, तर निदान त्या नरांचा त्रास तरी टळला असता.

लहान फिल्टरचा स्पंज ४ सेंटिमीटर व्यासाचा आणि ५ सेंटिमीटर उंचीचा होता. सहा माशांपुरते त्याने जुलैभर काम केले. ऑगस्टमध्ये दोन माद्या पाठोपाठ व्यायल्या, टाकीत तीसेक पिल्ले झाली, त्यांच्यासाठी दिवसातून तीनदा बारीक खाणे पडू लागले आणि स्पंज पाच दिवसांतच गच्च होऊ लागला. तो गच्च झाला आहे हे वरून कळत नाही, कारण बुडबुडे येतच राहतात. मी चिमूटभर खाणे चुरून स्पंजच्या अगदी जवळ सोडून पाहिले, तर ते कण स्पंजकडे न ओढले जाता सरळ खाली वाळूवर जाऊन बसले. पाण्याच्या चाचणी संचात अमोनिया १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, निघाला. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलूनही एक मादी वाचली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मात्र मोजमाप केल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले. बाहेरच्या मापांवरून टाकी साधारण ४२ लिटरची येते. मी मात्र पाणी बदलताना ते १५ लिटरच्या बादलीने मोजले. दोन बादल्या आणि वर तीन लिटर, म्हणजे प्रत्यक्षात पाणी ३३ लिटरच होते, कारण तळाशी वाळू होती आणि वर काठ मोकळा सोडलेला होता. पाण्याची खोली २४ सेंटिमीटर भरली. स्पंज आणि त्याचा तळ मिळून यातले निम्म्याहून कमी अंतर घ्यावे, म्हणजे नळीला बुडबुडे चढायला पुरेशी उंची उरेल, असे मी धरले.

या हिशोबात ६ सेंटिमीटर व्यासाचा, ८ सेंटिमीटर उंचीचा आणि मध्यम छिद्रांचा एकेरी स्पंज बसला. व्यासातला दोन सेंटिमीटरचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण आकारमान काढले तर लहान स्पंज ६३ घनसेंटिमीटरचा होता आणि हा २२६ घनसेंटिमीटरचा, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. अगदी बारीक छिद्रांचा स्पंज मी मुद्दाम टाळला. त्याने पाणी स्वच्छ दिसते हे खरे, पण जिथे पिल्लांचे खाणे सतत पडत असते तिथे तो फार लवकर तुंबतो.

नवा स्पंज बसवला म्हणजे लगेच कामाला लागला असे होत नाही. जुना फिल्टर न काढता दोन्ही पाच आठवडे शेजारी-शेजारी चालवले, आणि जुना स्पंज नव्यावर दोनदा हलकेच पिळला, म्हणजे त्यातले जिवाणू नव्यात रुजावेत. या काळात दर तीन दिवसांनी चाचणी केली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग तीन वेळा शून्य आल्यावरच, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लहान फिल्टर बाहेर काढला. प्रवाह मोजण्यासाठी नळीचे तोंड पाण्याच्या किंचित वर धरून खाली पेला लावला. २५० मिलीलिटरचा पेला ९ सेकंदांत भरला, म्हणजे तासाला १०० लिटर, टाकीतल्या पाण्याच्या तिप्पट. कॉक थोडा आवळलेला असतानाचे हे माप आहे आणि या वेगात नर मोकळेपणाने पोहतात.

आता स्पंज तीन आठवड्यांतून एकदा धुतो, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, कारण महापालिकेच्या नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला असल्यामुळे, वीज गेल्यावर पाणी उलटे नळीतून पंपात येऊ नये म्हणून हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आहे. पहिला दुहेरी फिल्टरही वाया गेला नाही. शेजारच्या वहिनींनी अडीच फुटांची टाकी घेतली आहे, तिच्यासाठी तो सध्या आमच्याच टाकीत मागच्या बाजूला कमी हवेवर चालू ठेवला आहे, म्हणजे त्यातही जिवाणू रुजावेत.