बांगड्यांवरची चिकटपट्टी

मंगळवार हा आमच्या युनिटचा ओटी डे, म्हणजे ऑपरेशनचा दिवस. सोमवारी संध्याकाळी पाच केसेसची लिस्ट लागली. तीनच होणार हे लिस्ट लिहिणाऱ्या रेसिडेंटलाही ठाऊक असतं, पण उपाशी पाचही जणी राहतात.

दुसऱ्या नंबरवर आजी होत्या. अंग बाहेर येण्याचा जुना त्रास, घासून जखम झालेली. आधी वॉर्डात अठरा दिवस ग्लिसरीन-ॲक्रिफ्लेविनचे पॅक, मग भुलीचं फिटनेस, मग रक्ताची पिशवी राखून ठेवणं. एवढं होऊन दोनदा रद्द. दोन्ही वेळा वॉर्डातल्या सिस्टरने त्यांना हातातल्या हिरव्या बांगड्या वाढवायला लावल्या आणि दोन्ही वेळा आजींनी गेटवरच्या कासाराकडून नव्या भरल्या. मी ओटीतली सिस्टर. या वेळी मी म्हटलं, काच आहे, कॉटरीला, म्हणजे विजेवर रक्त थांबवायच्या यंत्राला, धातू नको असतो. वर सरकवून चिकटपट्टी गुंडाळा.

साडेनऊला लेबर रूमचा फोन आला. इमर्जन्सी टेबलवर आतडं फुटलेला मुलगा होता, म्हणून आमचं टेबल घेतलं. १०८ मधून आलेली बाई, आधीचं सिझर, वार खाली आणि जुन्या टाक्यांत रुतलेली. रेफर चिठ्ठीवर फक्त ‘रक्तस्राव’. पाठवणाऱ्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नाही हे समजू शकते, पण निघताना एक फोन करायला भूलतज्ज्ञ लागत नाही.

बाळ निघालं, वार सुटेना. गर्भपिशवी काढायची ठरली, क्लॅम्प कमी पडले, तेव्हा आजींसाठी लावलेला सेट मीच उघडला. पोट बंद करायच्या आधी रक्त टिपायचे कापडी मॉप मोजले तर एकोणचाळीस. हवे चाळीस. सर सुई हातात घेऊन उभे, भूलवाले घाई करतायत. मी म्हटलं, नाही. वॉर्डबॉय मामांनी वापरलेल्या मॉपची बादली फरशीवर उलटी केली. दोन मॉप रक्ताने एकमेकांना घट्ट चिकटले होते. चाळीस. मग बंद केलं. बाई वाचली.

पावणेएकला टेबल मोकळं. मॅडम म्हणाल्या, “आजींना घ्यायचं का?”

“सेट ऑटोक्लेव्हला लावलाय, दीड तास.”

खोटं नव्हतं. दोननंतर कोल्ड केस, म्हणजे तातडीची नसलेली, सुरू करत नाहीत, कारण भूल द्यायला एकच माणूस उरतो. मॅडमनी रेघ मारली. पण वरच्या मजल्यावरच्या ओटीत तसाच सेट बंद पडून असतो. उसना दिलेला रिट्रॅक्टर त्यांनी परत केला नाही तेव्हापासून तिथल्या इन्चार्जशी मी बोलत नाही. त्या दिवशीही गेले नाही.

आजी रात्री नऊपासून उपाशी. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे वॉर्डाला किती वेळा सांगितलं! तरी रात्रीच सगळ्यांचे तांबे उचलतात. मी चहा घेऊन गेले. चिकटपट्टी ओढली तर लव उपटून येत होती, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने भिजवून सोडवत बसले. एक बांगडी आतल्या आत चिरली होती. ती त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवली.

“पुढच्या मंगळवारी पहिला नंबर लावते,” मी म्हटलं.

“सोयाबीन काढून येते, सिस्टर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. रेसिडेंटने फाइलवर डामा, म्हणजे सल्ल्याविरुद्ध सुट्टी, असं लिहिलं, ‘रुग्ण स्वतःच्या मर्जीने जात आहे’, आणि खाली अंगठा घेतला.