स्टार्व्ड म्हणजे भूक नव्हे

आजोबा म्हणाले "आयम स्टार्व्ड, लव्ह" आणि मी लगेच पँट्रीत जाऊन दोन टोस्ट आणि गरम चहा करून आणला. त्या रात्रीची माझी चूक एवढीच, पण ती आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मी मूळची सांगलीकडची, गेली काही वर्षं इंग्लंडात साऊथ यॉर्कशायरमधल्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डवर स्टाफ नर्स आहे. हा आमचा सगळा पट्टा जुना कोळशाच्या खाणींचा. 1984 चा खाणकामगारांचा मोठा संप पेटला तो इथल्याच कॉर्टनवूडच्या खाणीवरून. आता खाणी बंद झाल्यात, पण त्यांच्यात आयुष्य घालवलेली माणसं आहेत आणि ती आमच्याकडे येतात. हे आजोबा त्यातलेच, चौऱ्यांशी वर्षांचे, हाताच्या पाठीवर निळसर बारीक रेघा, जखमेत कोळशाची धूळ राहून कातडी वरून भरली की उरतात तशा. घरात पडले म्हणून आणलेले, तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं, गोळ्या चालू होत्या.

माझी नाईट होती. आठच्या ऑब्झमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळच्या तपासणीत, टेम्परेचर 36.1, बीपी, पल्स सगळं ठीक, न्यूज स्कोअर शून्य (या मोजमापांना गुण देतात, गुण जास्त तितका धोका जास्त), म्हणून पुढचे ऑब्झ मध्यरात्री. त्यांचा बेड खिडकीला लागून, बाहेर जानेवारीची थंडी, अंगावर हॉस्पिटलचं ते छिद्राछिद्रांचं पांढरं ब्लँकेट एकच. मी विचारलं अजून एक देऊ का, तर म्हणाले नको, मी काही नेश नाही. नेश म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, नको एवढं कळलं आणि मी पुढच्या बेडकडे वळले.

सव्वादहाला त्यांनी हाक मारली आणि ते वाक्य म्हणाले. आता मला सांगा, स्टार्व्ड ऐकल्यावर आपल्याला काय सुचणार? भूक. मराठी शाळेत शिकलो तेच, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला पाठ केलं तेच. मी टोस्ट ठेवला, चहा हातात दिला, मला बरंसुद्धा वाटलं की म्हातारा माणूस आपणहून खायला मागतोय. वीस मिनिटांनी परत आले तर टोस्ट तसाच, लोणी गोठून पांढरं झालेलं, आणि कप त्यांनी दोन्ही तळव्यांत घट्ट धरून छातीशी लावलेला, एक घोटही घेतला नव्हता. मी ते बघितलं. बघून म्हणाले, आजोबा खा ना थोडं. ते परत म्हणाले स्टार्व्ड, पण आता शब्द जरा जड येत होता.

तेवढ्यात आमची हेल्थकेअर असिस्टंट शेजारच्या बेडवरून आली, इथलीच, साठीची बाई, तिचे वडीलही खाणीत होते. तिने नुसतं ऐकलं आणि मला म्हणाली, "अगं, त्यांना भूक नाहीये, ते थंडीने गारठलेत. आमच्याकडे स्टार्व्ड म्हणजे थंडी." बोलता बोलता तिने त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला.

टेम्परेचर 34.7. दुसऱ्या कानात घेतलं, तेच. 35 च्या खाली म्हणजे हायपोथर्मिया, आणि इन्फेक्शन असलेल्या म्हाताऱ्या माणसात ताप चढायच्या ऐवजी अंग गार पडणं ही फार वाईट खूण असते, कारण जंतू रक्तात गेले तरी त्यांचं शरीर पुष्कळदा ताप आणू शकत नाही आणि कधीकधी नीट कुडकुडतही नाही, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला माणूस शांत झोपलाय असंच वाटतं. न्यूज स्कोअरमध्ये फक्त टेम्परेचरचेच तीन गुण झाले, बीपी उतरलेलं, तारीख विचारली तर उत्तर भलतंच. डॉक्टरला कॉल केला, सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन सगळ्या शरीरावर उलटलंय, असं धरून पुढचं सगळं सुरू झालं, ब्लड कल्चर आणि लॅक्टेट या रक्ताच्या तपासण्या, शिरेतून अँटिबायोटिक, गरम हवा भरणारं ब्लँकेट, कोमट केलेलं सलाईन. दोन वाजता 35.4 झालं. सहा वाजता 36.1. मधल्या वेळात मी त्या बेडपासून फार लांब गेलेच नाही.

पहाटे चारला ब्रेकमध्ये त्या बाईने मला बसवून शिकवलं. इथे यॉर्कशायरमध्ये जुनी माणसं थंडी वाजली की स्टार्व्ड म्हणतात, किंवा निदर्ड म्हणतात. भुकेला वेगळा शब्द आहे, डोंगरापलीकडे लँकेशायरात तर क्लेम्ड म्हणतात, म्हणजे भुकेने पोट आवळून आलेला. आणि नेश म्हणजे ज्याला थंडी सोसवत नाही असा नाजूक माणूस, खाणीतल्या गड्याला नेश म्हणणं म्हणजे त्याची इज्जत काढणं. मग मला आठचं बोलणं कळलं. म्हणजे पहिल्यांदा मानापायी ब्लँकेट नाकारलं, आणि सव्वादहाला अगदीच सोसेना तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या भाषेत नेमकं, अचूक सांगितलं होतं की मी थंडीने मरतोय. त्यांचं सांगण्यात काहीच चुकलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी या शब्दाच्या मागे लागले आणि जे सापडलं त्याने अंगावर काटा आला. जुन्या इंग्रजीत स्टेओर्फान म्हणजे नुसतं मरणं. कशानेही. जर्मनमध्ये श्टेर्बेन म्हणजे अजूनही मरणंच, डच भाषेतही तसंच. त्याच्याही मागे जाऊन अभ्यासक मूळ अर्थ ताठ होणं असा लावतात. पुढे इंग्रजीत मरण्यासाठी डाय हा शब्द रुळला, तो बहुधा व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला, आणि या जुन्या शब्दाला हळूहळू बाजूला सरकावं लागलं, मग त्याच्याकडे मरणाच्या दोनच तऱ्हा उरल्या, भुकेची आणि थंडीची. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या दुसऱ्या नाटकात स्टार्व्ड साप येतो, छातीशी धरून ऊब दिली की उलटून डसणारा, तो साप उपाशी नाहीये, थंडीने गारठलेला आहे. नंतर पुस्तकी इंग्रजीने भूक ठेवली आणि थंडी टाकून दिली. उत्तरेतल्या साध्या माणसांनी थंडी ठेवली. म्हणजे आजोबांचं इंग्रजी बिघडलेलं नव्हतं, उलट माझ्या परीक्षेतल्या इंग्रजीने जे हरवलं ते त्यांच्या तोंडात शाबूत होतं.

नेशचंही तसंच, जुन्या इंग्रजीत ह्नेशे म्हणजे मऊ, कोवळं. हजार वर्षांपेक्षा जुना शब्द आणि इथे अजून पोरंसुद्धा एकमेकांना चिडवायला वापरतात.

हे शब्द ज्याने पद्धतशीर गोळा केले त्या जोसेफ राईटबद्दल वाचताना मी फार हलले. ब्रॅडफर्डजवळच्या खेड्यातला गरीब पोरगा, सातव्या वर्षी कापडगिरणीत कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. तोच पुढे ऑक्सफर्डला आपल्या ओळखीच्या, वेदांचा अभ्यास करणाऱ्या मॅक्स म्युलरच्या जागेवर प्रोफेसर झाला आणि 1898 ते 1905 या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. ज्या बोलीत बोललं की अडाणी ठरवतात ती बोली ज्याच्या स्वतःच्या आईची होती, त्यानेच हे काम करावं हे मला फार मोठं वाटतं.

आणि मला माझी आजी आठवत राहिली. ती थंडी वाजते असं कधी म्हणालीच नाही. "हीव भरलंय गं" म्हणायची. हीव म्हणजे हिम, हिवाळ्यातलं, हिवतापातलं. उद्या तिला पुण्यातल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि समोर बाहेरच्या राज्यातली नर्स असली तर तिला हीव कळेल का? आणि आपणसुद्धा थंडीने मेलो म्हणतो, भुकेने मेलो म्हणतो, दोन्हीकडे मरणंच. मराठीतून विचार केला असता तर कदाचित मला तो शब्द तिथल्या तिथे उमगला असता.

आता आमच्या वॉर्डच्या हँडओव्हर शीटवर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायच्या कागदावर, मी एक ओळ घालून घेतलीय, पेशंट स्टार्व्ड म्हणाला तर आधी अंगाला हात लावा, मग टोस्ट. नवीन आलेल्या केरळच्या, फिलिपिन्सच्या मुलींना मी हे पहिल्याच शिफ्टला सांगते, नेशसकट, म्हणजे कुणी नको म्हणालं तरी ब्लँकेट पायाशी ठेवून यायचं.

पाचव्या दिवशी माझी परत ड्यूटी होती. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, मी आत येऊन हात चोळत होते तर आजोबांनी बेडवरून विचारलं, स्टार्व्ड झालीस का लव्ह? मी म्हणाले हो, झाले. त्यांना आजीचा शब्दही सांगितला, त्यांनी दोनदा म्हणून बघितला, हीव, हीव. मग मी चहा दिला. या वेळी त्यांनी एका हाताने कपाचा कान धरला, अर्धा पिऊन खाली ठेवला आणि म्हणाले, आता माझं स्नॅप आण बघू. स्नॅप म्हणजे खाणीत डब्यात न्यायचं खाणं, हे तोवर मला माहीत झालं होतं. मी दोन टोस्ट करून आणले, त्यांनी कडासुद्धा ठेवल्या नाहीत.