नसेचे सिग्नल टिपताना: कफ, सुया आणि स्नायूचा तुकडा

कोपराखाली हात कापावा लागला तरी मूठ मिटण्याचा हुकूम मीडियन नर्व्हमधून (हाताकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूच्या नसेतून) येतच राहतो. कृत्रिम हात चालवण्यासाठी दंडात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून तो वाचायचा असेल, तर मी सुरुवात इम्पीडन्सपासूनच (इलेक्ट्रोडच्या विद्युत अडथळ्यापासून) करतो: 1 किलोहर्ट्झला, एकेक चॅनेल (म्हणजे एकेका इलेक्ट्रोडची वाट), मागच्या आकड्याशेजारी नोंद. एकच चॅनेल मेगाओहममध्ये गेला तर बहुधा वायर तुटली. सगळे एकदम वर गेले तर रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो इलेक्ट्रोड) आणि कनेक्टर तपासा. शेजारचे दोन खाली येऊन एकसारखा सिग्नल देऊ लागले तर ओलावा शिरल्याची शंका घ्यावी.

खरी झुंज स्नायूंशी. कफ इलेक्ट्रोडमध्ये (नसेभोवती गुंडाळलेल्या कड्यांच्या पट्टीत) नसेचा सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. बाजूचा बायसेप्स त्याच्या कितीतरी पट मोठा. स्नायूची बहुतेक ऊर्जा 500 हर्ट्झच्या खाली, नसेची त्याच्या वर, म्हणून हाय-पास फिल्टर उपयोगी पडतो. तरी स्नायूचा थोडा अंश उरतोच. त्यामुळे तीन कड्यांचा कफ बरा. टोकाच्या दोन कड्या एकत्र जोडून मधल्या कडीशी फरक घेतला की बाहेरचा सिग्नल बराचसा वजा होतो. कफ सैल असला किंवा कड्यांमधलं अंतर असमान असलं की ही वजाबाकी फसते.

नुसत्या फिल्टरवर विसंबू नये. बायसेप्सवर त्वचेचे ईएमजी (स्नायूचा विद्युत सिग्नल मोजणारे) इलेक्ट्रोड लावावेत. रुग्णाला आधी फक्त कोपर वाकवायला सांगावं, मग कोपर सैल ठेवून नसलेला अंगठा. कफचा सिग्नल दरवेळी बायसेप्सबरोबरच चढउतार करत असेल, तर तो नसेचा नाही. फँटम पेन (नसलेल्या हातात जाणवणारी वेदना) वाढू लागली की थांबायचं, डेटा अर्धा राहिला तरी.

दुसरा पर्याय यूटा स्लँटेड अ‍ॅरे, म्हणजे उतरत्या लांबीच्या सुयांची चकती. तिच्या 0.5 ते 1.5 मिलिमीटरच्या सुया नसेत शिरून एकेका तंतूचे ठोके टिपतात. मात्र काही महिन्यांत भोवती व्रणऊती साचते आणि चॅनेल गळू लागतात.

रोजच्या वापरासाठी माझा कौल आरपीएनआयला (रीजनरेटिव्ह पेरिफेरल नर्व्ह इंटरफेस). यात नसेचं टोक स्नायूच्या छोट्या तुकड्यात गुंडाळतात. तुकडा पातळच हवा: त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते, जाड असला तर मधोमध मरतो. नस त्यात रुजायला काही महिने लागतात. मग तो स्नायूच अँप्लिफायर होतो आणि सिग्नल कफच्या कितीतरी पट मिळतो. मिशिगन विद्यापीठात पॉल सेडर्ना आणि सिंडी चेस्टेक यांच्या गटाने 2020 मध्ये अशा सिग्नलवर कृत्रिम हाताची बोटं चालवून दाखवली. वायर त्वचेतून बाहेर येत असेल तर ती जागा रोज तपासावी. लाली किंवा स्राव दिसला की सत्र रद्द, आधी सर्जनला फोन.