पपा, शेजारच्या बाई आणि प्रकटीकरण २२:१८

रविवार, रात्र

पपा नगरहून आल्यापासून घरात जितकं धर्माबद्दल बोलणं झालं, तितकं मी अमेरिकेतल्या युटात राहायला आल्यापासून झालं नसेल. निवृत्त पाळक, हाताशी भरपूर वेळ आणि शेजार मॉर्मनांचा. (त्यांना अलीकडे हे नाव नको असतं. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये सांगितलं. बाईंशी बोलताना मी ते पाळते. इथे मात्र कोणाबद्दल लिहितेय ते कळावं म्हणून जुनंच ठेवते.)

आज दुपारी शेजारच्या बाई आल्या. पपांनी सवयीने चहा टाकायला सांगितला आणि मी डोळ्यांनीच नको म्हटलं. मॉर्मन लोक दारू-तंबाखूला शिवत नाहीत, तसेच चहा-कॉफीही घेत नाहीत. १८३३ साली चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला देवाकडून मिळालेल्या प्रकटीकरणाचा तो नियम. "दारूचं समजलं, पण चहा?" हे पपा मराठीत पुटपुटले. बाईंना कोकम सरबत दिलं. फारसं आवडलं नसावं, पण संपवलं बिचारीनं.

मग पपांनी सरळ पवित्र शास्त्र उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण २२:१८. या पुस्तकातल्या वचनांत कोणी भर घातली तर त्याच्यावर पीडा येतील. रोख उघड होता: १८३० साली छापलेलं मॉर्मनचं पुस्तक, जे ते बायबलच्या जोडीला शास्त्र मानतात. बाईंनी आवाज न चढवता जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं ४:२ काढायला सांगितलं. तिथे मोशेही तेच सांगतो, मी दिलेल्या आज्ञांत काही वाढवू नका. "मग त्यानंतरचे संदेष्टे आणि चारही शुभवर्तमानं कशी चालली?" पपांचा चेहरा असा खुलला, की निवृत्तीच्या निरोप समारंभातही इतका खुलला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई तयारीच्या आहेत."

पुढे तासभर मी फक्त दुभाष्याचं काम केलं. पपांचं पुढचं वचन १ करिंथ १५:२९, जिथे पौल मृतांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख करतो. मॉर्मन टेम्पलांमध्ये, म्हणजे खास विधींसाठीच्या त्यांच्या मंदिरांत, आजही दिवंगत पूर्वजांच्या नावाने जिवंत माणसं बाप्तिस्मा घेतात. वंशावळी जमवण्याचा त्यांचा एवढा मोठा खटाटोप त्यासाठीच. पपा म्हणाले, पौल इथे 'ते लोक' म्हणतो, 'आपण' म्हणत नाही. बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे, पण मी केवळ या वचनावरून हे मानत नाही. आमच्या संदेष्ट्याला हे प्रकट झालं, म्हणून मानते.

हे उत्तर पपांना पटणं शक्यच नव्हतं. पण खरा मतभेद कुठे आहे, ते तिथे स्वच्छ दिसलं. पपांसाठी शास्त्रावर अपील नाही. बाईंसाठी देव अजून बोलतोय, सॉल्ट लेक सिटीत, त्यांच्या चर्चच्या मुख्यालयात, बोलतोय. एकदा हे कळल्यावर वचनांची फेकाफेक थांबते आणि प्रश्न एवढाच उरतो, की तो माणूस संदेष्टा होता की नव्हता.

संध्याकाळी पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला. तिला हे सगळं रंगवून सांगितलं तर म्हणाली, "अगं पण येशू तोच ना दोघांचा? शेवटी देव एकच." हे वाक्य ऐकत मी लहानाची मोठी झाले. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून कधी वाद घालत नाही. पण आज मनातून चिडले. निकीयाच्या सभेत ३२५ साली ठरलं, की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. त्रैक्यावरचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावरचा, आमचा विश्वास त्यावर उभा आहे. बाई मानतात की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन वेगळ्या व्यक्ती आहेत, त्यांचा हेतू एक, आणि पित्याला मांस-अस्थींचा देह आहे. शिवाय प्रेषितांच्या काळानंतर मंडळी भरकटली आणि जोसेफ स्मिथमार्फत ती पुन्हा स्थापन झाली, हा त्यांच्या श्रद्धेचा पाया आहे. म्हणजे मला बाप्तिस्मा देणारी मंडळी त्यांच्या हिशेबी अधिकाराशिवाय चाललेली. पपांचं अख्खं आयुष्य त्या सेवेत गेलं. हे सगळं 'शेवटी देव एकच'मध्ये बसवायचं, तर दोघांचंही निम्मं म्हणणं फेकून द्यावं लागेल, आणि ते कुठलं फेकायचं हे ठरवणार दोघांनाही न विचारणारी तिसरीच व्यक्ती. त्यापेक्षा पपांचं प्रकटीकरण २२:१८ मला जास्त आदराचं वाटतं. ते चालूनच जातात अंगावर, पण समोरच्याचं पूर्ण म्हणणं ऐकून घेऊन.

बाप्तिस्म्याचंच बघा. मॉर्मन झालेल्या प्रोटेस्टंटाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो. उलट दिशेनं आलेल्याला बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही पुन्हा देतात. रोमन कॅथलिकांनी तर २००१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा अवैध असल्याचं जाहीरच केलं. ऐकायला कठोर आहे. मला तो रोखठोकपणा वाटतो.

आमच्या बाजूचा कठोरपणा मात्र नेहमी असा नसतो. एप्रिल-ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सर्वसाधारण परिषदेला सॉल्ट लेकच्या टेम्पल स्क्वेअरबाहेर काही रस्त्यावरचे प्रचारक फलक आणि कर्णे घेऊन उभे असतात. त्यांच्यातल्या काहींनी मॉर्मनांच्या पवित्र अंतर्वस्त्रांचीही भररस्त्यात विटंबना केली आहे. पपांना हे सांगितलं, तर त्यांनी फक्त एक विचारलं: "त्यांच्यातल्या कोणी बाईंना अनुवाद ४:२ विचारलंय का?"

इतिहास तर रक्तातच भिजलेला. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नर बॉग्जनी मॉर्मनांचा समूळ नायनाट करा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकला, असा लेखी हुकूम काढला. तो रद्द व्हायला १९७६ उजाडलं. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला मारलं. आणि १८५७ मध्ये युटातल्या माउंटन मेडोजला मॉर्मन सैनिकांनी आर्कान्सातून आलेले जवळजवळ १२० वाटसरू कापून काढले. ही शेवटची गोष्ट बाईंनी स्वतःहून काढली, मी नाही.

२००४ मध्ये फुलर सेमिनरी या प्रोटेस्टंट धर्मशिक्षण संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड माऊ सॉल्ट लेकच्या टॅबर्नॅकल या मॉर्मन सभागृहामध्ये उभे राहून म्हणाले होते, की आम्ही इव्हँजेलिकलांनी (बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांनी) तुमच्या श्रद्धेची चुकीची चित्रं रंगवून तुमच्याविरुद्ध पाप केलं आहे. 'आमच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला,' असं त्यांच्याच लोकांनी त्यांना सुनावलं. माऊंनी स्वतःची त्रैक्याची श्रद्धा तसूभरही सोडली नव्हती, हे मात्र त्या टीकाकारांच्या नजरेतून निसटलं.

बाई अवघडल्या त्या एकाच विषयावर. त्यांच्या सुनेचं माहेर प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट. लग्न टेम्पलमध्ये झालं आणि मुलीचे आई-बाप बाहेर बाकावर बसून राहिले, कारण सदस्य नसलेल्याला आत प्रवेश नाही. आधी नागरी पद्धतीने लग्न केलं असतं, तर तेव्हाच्या नियमानं टेम्पलच्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागलं असतं. २०१९ मध्ये चर्चने ती अट काढली. यांचं लग्न त्याआधीचं. "नियम बरोबर असेल, पण त्या दिवशी विहीणबाईंकडे मला बघवेना," एवढं म्हणून त्या थांबल्या. पपांनी इथे कुठलंही वचन काढलं नाही.

निघताना बाईंनी एक नवल सांगितलं. १८५०च्या दशकात त्यांचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत आणि पुण्यात राहून प्रचार करत होता. मुंबईतल्या पाद्र्यांनी त्याला कडाडून विरोध केला. "म्हणजे आमच्याच लोकांनी!" पपा खूश. मग त्यांनी बाईंना १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेल्या वादविवादाबद्दल इतकं तपशिलात सांगितलं, की माझं भाषांतर मागे पडलं.

पुढच्या रविवारी पपा त्यांच्या उपासनेला जाणार आहेत. भाकर आणि पाणी फिरवतील (द्राक्षरस नसतो), ते घेणार नाही, असं पपांनी आधीच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, थाळी नुसती पुढे द्या, मीही तुमच्याकडे आले तर तेच करीन. आता झोपायचं सोडून पपा संदर्भ काढत बसलेत. कागदावर सगळ्यात वर योहान ४:२४, 'देव आत्मा आहे'. बाई त्यावर उत्पत्ती १:२७ काढणार, 'देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला', हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.