तांबट आळी: पिंपळपानाच्या शिरा आणि तांब्याचा पत्रा

कसबा पेठ मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की तांबट आळी चालण्याच्या अंतरावर आहे. शेवटच्या वळणावर पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाजच नेऊन सोडतो. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या त्वष्टा कासारांची, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची, ही वस्ती. गिझर आले तशी बंब-घंगाळांची मागणी आटली, आणि त्याच हातोड्यांखाली आता शोभेच्या वस्तूही निघतात. आम्ही गेलो ते इथल्या एका ज्येष्ठ कारागिराची तांब्याची पानं, शेंगा आणि भोपळे बघायला.

मांडून ठेवलेल्यांत पिंपळपान सर्वांत साधं दिसतं, पण खरी मेख त्यातच आहे. पत्रा 20 गेजचा, म्हणजे जेमतेम 0.9 मिलिमीटर जाड. चौरस फुटाला पाऊण किलोच्या आसपास भरतो. कापलेलं सपाट पान बोटाने दाबलं तरी वाकतं. शिरा उठल्या की तेच पान ताठ होतं. झाडावरच्या पानालाही शिरा आधार देतातच. पत्र्याला घडीने बळ येतं ते त्याच न्यायाने.

आधी पत्रा भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं. वर धरलेली काळी खपली चिंच-मिठाने घासून काढायची. इथे आळस केला तर खपली ठोक्यांबरोबर आत रुतते आणि पॉलिशनंतर काळे ठिपके वर येतात.

मग पान पालथं करून राळेवर बसवतात. राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल असं हे मिश्रण. थंडीत ते तडकतं, उन्हाळ्यात ढिलं पडून छिन्नी खोल जाते. म्हणून तेलाचं प्रमाण हवामान बघून ठरतं. मधली शीर आधी, मग तिला फुटणाऱ्या बारीक शिरा, त्याही मधून काठाकडे. शीर उठताना आजूबाजूचा पत्रा आत ओढला जातो. काठ आधी ठोकून पक्का केला तर ओढायला पत्राच उरत नाही, आणि मधला भाग फुगतो किंवा शिरेवर चिरतो. नंतर पान सुलटं करून शिरेच्या दोन्ही कडा बोथट छिन्नीने बसवायच्या.

नाजूक जागा म्हणजे पिंपळाची ती लांब शेपटी. ठोके खाऊन तांबं कडक होत जातं, आणि अरुंद टोक सगळ्यांत आधी तडकतं. त्यामुळे टोक मुद्दाम रुंद कापून ठेवतात, मधे पुन्हा तापवून घेतात आणि शेवटी कानशीने निमुळतं करतात.

भोपळ्याचं तंत्र वेगळं. आत लोखंडी खुंटा, बाहेरून गुळगुळीत हातोडा, हेच मठारकाम. ठोका भरीव वाजला तर पत्रा खुंट्यावर टेकलेला आहे; पोकळ वाजला तर खाली फट आहे आणि तिथे खड्डा पडणार. हातोड्याच्या तोंडावर एक खरवडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यात उमटतो.

कमळाचं पान मात्र आम्हाला पटलं नाही. त्यावरच्या रेषा नुसत्या कोरलेल्या, पत्र्याला त्यांचा काहीच आधार नाही. दिसायला छान, उचललं की लचकतं.

तिथून बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापर्यंत चालत गेलं तर पाय दुखत नाहीत. वीस हजारांवर वस्तूंपैकी मोजक्याच मांडलेल्या आहेत, पण अडकित्त्यांसमोर जरा रेंगाळा. प्राणी-पक्ष्यांचे आकार हाताच्या पकडीत कसे बसवलेत ते दिसतं.

विकत घ्यायचं असेल तर वस्तू उजेडाकडे तिरपी धरून ठोक्यांच्या रांगा बघा आणि काठावरून बोट फिरवा. चकाकी टिकावी म्हणून लॅकर (पारदर्शक लेप) मारलेल्या वस्तूत खायचं काही ठेवू नका, आणि ती चिंचेने घासूही नका. आंबट पदार्थांसाठी आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, हवीच. पण कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका.