पेडल खाली गेलं होतं

पसरणी घाट उतरून वाईत शिरायच्या आधी माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. घाटाच्या पायथ्याला बसलं की कामं ठरलेली असतात, चढणाऱ्या गाड्या गरम होतात आणि उतरणाऱ्यांचे ब्रेक जळतात, डिसेंबर आणि मे महिन्यात तर पोरांना जेवायला फुरसत नसते. पण २८ डिसेंबर २०२४ चा शनिवार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय, घरात फॅमिली कार असलेल्या प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी तीनच्या सुमाराला एक पांढरी हॅचबॅक आली, पुण्याची. साहेब चालवत होते, शेजारी ताई, मागे आजी आणि दोन बारकी पोरं. डिक्कीत बॅगा आणि वर स्ट्रॉबेरीचे बॉक्स रचलेले. दार उघडलं तसा आतून स्ट्रॉबेरीचा वास आणि चाकांकडून जळक्या ब्रेकचा वास असा दोन्ही एकदम आला. साहेब उतरता उतरताच म्हणाले, "काका काही नाही, फक्त एकदा ब्रेक बघा, आमच्या आईचं समाधान करायचंय." आणि हळूच, "मिसेस चालवत होती, घाटात जरा घाबरली."

ताई गाडीतून उतरल्या पण काही बोलल्या नाहीत. आजी बोलल्या. "गाडी दाखवल्याशिवाय मी हिच्यात बसायची नाही, माझी सून उगाच घाबरणारी नाही," असं म्हणून त्या बाहेरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या त्या बसल्याच.

झालं असं होतं. पाचगणीत जेवून हे लोक निघाले, ताई चालवत होत्या. घाटात गर्दी, पुढे बस, सतत ब्रेक. आणि त्यात साहेबांनी सांगितलेलं की उतारावर न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं. अर्ध्याच्या पुढे आल्यावर एका वळणाच्या आधी ताईंनी ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली, पार फरशीला. त्यांनी दोन-तीनदा पंप केलं, थोडंसं लागलं, परत खाली. मग बाईंनी जे केलं ना ते ऐकून मी हातातला पाना खाली ठेवला. गाडी तिसऱ्यात टाकली, मग दुसऱ्यात, इंजिन ओरडलं तरी क्लच सोडला, हँडब्रेक एकदम न ओढता बटण दाबून धरून हळूहळू वर घेत गेल्या आणि डोंगराच्या बाजूच्या गटाराला डावं चाक घासून गाडी उभी केली. दुसऱ्या बाजूला दरी. पाच माणसं गाडीत.

तिथं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबले. मग साहेबांनी स्वतः बसून ब्रेक दाबून बघितला तर एकदम कडक, नेहमीसारखा. पहिल्या गिअरमध्ये खाली आणली, ब्रेक पूर्ण वेळ लागला. आणि एका महिन्यापूर्वीच पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, नवे टाकलेले, बिल डॅशबोर्डमध्येच होतं, त्यावर 'ब्रेक सर्व्हिस' असं लिहिलेलं. मग त्यांना वाटणारच की हिचा पाय सटकला किंवा क्लचवर पडला. मी पण गाडी गॅरेजमध्ये पुढे-मागे करून बघितली, ब्रेक अगदी व्यवस्थित. अशा वेळी "काही नाही साहेब, जावा बिनधास्त" म्हणणं सगळ्यात सोपं असतं आणि तिथंच माणसं मरतात.

मी ताईंना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. पेडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, का पेडलच मऊ पडलं? त्या पटकन म्हणाल्या, "मऊ. ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं, आणि मग काहीच नाही." माझं निम्मं काम तिथंच झालं. कारण पॅड तापून पकड सोडतात तेव्हा पेडल दगडासारखं लागतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी रेटत पुढं जाते. पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा गडबड पॅडमध्ये नसते, ब्रेक ऑईलमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर ऑईलवर देणाऱ्या पंपात असते. हा फरक ज्याच्या पायाखाली पेडल होतं त्यालाच कळतो, शेजारी बसलेल्याला नाही.

गाडी रॅम्पवर घेतली. चारी चाकं काढली, होज पाइप बघितले, कुठं गळती नाही. इंजिन चालू ठेवून पेडल एका दाबाने मिनिटभर धरून ठेवलं, मास्टर सिलिंडर आतून गेला असेल तर पेडल हळूहळू बसत जातं, हे बसलं नाही. पुढच्या डिस्कवर निळसर झाक आलेली, लोखंड चांगलं तापल्याशिवाय ती येत नाही, आणि नव्या पॅडचं तोंड काचेसारखं चकचकीत झालेलं. मग ब्रेक ऑईलच्या डब्याचं झाकण उघडलं. लेव्हल बरोबर. रंग मात्र काळ्या चहासारखा. ओलावा बघायचा पेन असतो आमच्याकडे, टोक बुडवलं की दिवे लागतात, हिरवा पिवळा लाल. बुडवल्याबरोबर लाल.

साहेबांना विचारलं ऑईल कधी बदललंय. त्यांना तसं काही बदलायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्यांनी इंजिन ऑईलचं सगळं वेळेवर केलेलं, माणूस निष्काळजी नव्हता. पण गाडी २०१७ ची आणि ब्रेक ऑईल बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या पुस्तकात एकदाही नाही, म्हणजे सात वर्षं तेच.

त्यांना जे समजावलं ते इथं पण सांगतो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा गुणच तो आहे. रबरी होजमधून, झाकणातून, थोडं थोडं करत वर्षानुवर्षं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑईलचे प्रकार. नवीन डॉट ३ ऑईल २०५ अंशाच्या आत उकळता कामा नये असं त्याचं मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तेच मानक १४० वर येतं. डॉट ४ चं २३० वरून १५५. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की डिस्क यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, ऑईलपर्यंत येते. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, पण वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता, आत फक्त बुडबुडे चेपतात, चाकाला कळतच नाही. आणि गाडी थांबून गार झाली की वाफेचं परत पाणी होतं, पेडल कडक, पुरावा गायब. म्हणूनच पाऊण तासानंतर साहेबांना ब्रेक चांगला लागला. हँडब्रेक वाचला कारण तो वायरने मागच्या ड्रमला ओढतो, त्याचा ऑईलशी संबंध नाही.

माझा मुलगा डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, त्याने रात्री बसून हिशोब काढला. माणसं आणि सामान धरून बाराशे किलोची गाडी, पाचगणी ते वाई उतार पाचशे-साडेपाचशे मीटरचा. इंजिनने काहीच अडवलं नाही तर जी उष्णता होते तिच्यात पंधरा-वीस लिटर पाणी उकळेल. त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कवर. न्यूट्रल टाकणं म्हणजे हे सगळं ब्रेकच्या डोक्यावर देणं. आणि पेट्रोल पण वाचत नाही हो! कार्ब्युरेटरच्या काळातली ती सवय आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन पेट्रोल घ्यायचंच थांबवतं, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलला टाकलं तर उलट इंजिन चालू राहायला पेट्रोल जाळावं लागतं. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, ते शंभर टक्के खरं आहे.

मग ऑईल काढायला घेतलं. माझ्या हाताखालचा पोरगा नेमका टायरच्या कामाला बाहेर गेलेला, पेडल दाबायला माणूस हवा. ताईच म्हणाल्या मी दाबू का. म्हणलं बसा. पुढच्या बोनेटवर ओलं फडकं टाकलं, कारण हे ऑईल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, ते मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब. चाकापाशी ऑईल बाहेर काढायचा निपल असतो, त्याला पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक बाटलीत. "दाबा ताई... धरून ठेवा." मी निपल ढिला केला.

आणि ताई ओरडल्या. "हेच! असंच गेलं होतं! अगदी असंच!"

निपल सोडला की पेडलखाली काही अडवायला उरत नाही, ते फरशीला जातं. घाटात वाफेने जे केलं तेच मी पान्याने केलं होतं. साहेब बाहेर फोन बघत उभे होते ते आले. ताई खाली उतरल्या, त्यांना म्हणाल्या, "तू बस आता. काका, परत एकदा करा." साहेब बसले, दाबलं, मी निपल सोडला. पेडल खाली गेलं तसा त्यांचा चेहरा बघितला मी, माणूस पार पांढरा पडला. बराच वेळ पाय तसाच दाबून बसले होते, मी दोनदा म्हणलं साहेब सोडा आता. मग उतरले आणि पोरांसमोर, आईसमोर ताईंना म्हणाले, "सॉरी. मी तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता." आजी काही बोलल्या नाहीत, फक्त पर्समधून पाण्याची बाटली काढून सुनेच्या हातात दिली.

उरलेल्या तीन चाकांना साहेबांनीच पेडल दाबून दिलं. नळीतून आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ पिवळट ऑईल यायला लागलं. नव्या सीलबंद डब्यातलंच टाकायचं, उघडा ठेवलेला उरलासुरला डबा वापरायचा नाही, तो पण पाणी ओढत बसलेला असतो. पॅडची तोंडं घासून घेतली, डिस्क वाकडी नव्हती.

काम चालू असताना गाडी कशी घेतली ते निघालं. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली, एका रिटायर्ड गृहस्थांची, सहा वर्षांत जेमतेम २६ हजार किलोमीटर. अशी गाडी मिळाली की लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं, आणि वाईट नसतेच ती, पण कमी चाललेली म्हणजे सगळंच नवं असं नाही. किलोमीटरने इंजिन, क्लच, पॅड झिजतात. ब्रेक ऑईल, कूलंट, बॅटरी, रबरी पाइप, टायर हे सगळं नुसतं उभं राहून पण म्हातारं होतं. मी त्यांना टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले, ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण कडेला बारीक चिरा पडलेल्या, नखाने जाणवत होत्या. पुण्यात गेल्यावर बदलून घ्या म्हणलं. मी कोणाला जुनी गाडी घ्यायला मदत करायला जातो तेव्हा मीटर बघायच्या आधी हे आकडे आणि ब्रेक ऑईलचा रंग बघतो, त्यावरून कळतं आधीच्या मालकाने गाडीचं काय केलं आणि काय नाही.

ज्या गॅरेजने पॅड टाकले त्यांच्याबद्दल मला राग आला आणि अजून आहे. पॅड बदलताना डबा उघडा करतोच आपण, पिस्टन मागे ढकलला की ऑईल वर येतं, तो काळा रंग दिसतोच. बघून झाकण लावून टाकलं. बिलावर 'ब्रेक सर्व्हिस' लिहायचं असेल तर ऑईल बघितलं पाहिजे, बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात दर दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, घाटात नेहमी जाणाऱ्याने तर ते अजिबात चुकवू नये. आपल्या हातून गेलेल्या गाडीत कोणाची तरी पोरं बसणार असतात.

ट्रायल घ्यायची वेळ आली तेव्हा मी चावी ताईंना दिली. त्या जरा थांबल्या, मग बसल्या, मी शेजारी. घाटात वर गेलो, त्या वळणापर्यंत. त्यांनी जागा दाखवली, गटाराच्या कडेला टायर घासल्याची काळी रेघ होती, चांगली दहा-बारा फूट. खाली धोम धरणाचं पाणी संध्याकाळच्या उन्हात चमकत होतं. तिथं गाडी उभी करून त्यांनी पेडल तीनदा दाबून बघितलं. मग फिरवून दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो, इंजिन थोडं घुमत होतं, वळणाच्या आधी तेवढा पाय लागत होता. त्या म्हणाल्या, "ब्रेकला कामच नाहीये."

साडेसहाला निघाले. बिल झालं चौदाशे पन्नास. आजी उठल्या आणि स्वतः पुढच्या सीटवर सुनेच्या शेजारी जाऊन बसल्या, साहेब मागे पोरांमध्ये. निघायच्या आधी मी बोनेट उघडून ऑईलच्या डब्यावर पांढरी पट्टी चिकटवली, मार्करने लिहिलं: ब्रेक ऑईल बदललं २८-१२-२०२४, पुढचं डिसेंबर २०२६. साहेबांनी त्याचा फोटो काढला, मग मोबाईलमध्ये तारीख टाकली, आणि विचारलं, "गावाला वडिलांची गाडी आहे, पाच वर्षं नुसती शेडमध्ये उभी असते, तिचं पण बदलावं लागेल ना?"

म्हणलं आधी तिचंच बदला.