कोणती सुलोचना, कोणती ‘अनारकली’?

नागपूरच्या महाल-इतवारीतला एखादा वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या पेटीतून सिनेमाच्या जुन्या पुस्तिका निघतात. कव्हरवर ‘सुलोचना’ दिसलं की आपल्याला सुलोचनादीदीच आठवतात. पण साल १९४० च्या आधीचं असेल तर ती बहुधा दुसरी सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू घरातली पोर, टेलिफोन ऑपरेटर होती. दिग्दर्शक मोहन भवनानींनी तिला कोहिनूर फिल्म कंपनीत आणलं, आणि पुढे इम्पीरियल फिल्म कंपनीत ती सगळ्यात महागड्या नट्यांत जाऊन बसली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तर एकटीच्या आठ भूमिका.

घोळ होतो तो सालांचा. स्वतःचे गाजलेले मूकपट तिने बोलपटात पुन्हा केले. ‘माधुरी’ १९२८ ची आणि १९३२ चीही. ‘अनारकली’ १९२८ आणि १९३५. ‘इंदिरा बी.ए.’ १९२९ ची, १९३४ मध्ये ‘इंदिरा एम.ए.’ (पाच वर्षांत पोरगी एम.ए. झाली म्हणायची!). पुस्तिकेत गाण्यांचे बोल छापलेले असतील तर तो बोलपट. फिल्मचा तुकडाच हाती आला तर उजेडासमोर धरा: चित्र दोन्हीकडच्या भोकांच्या रांगांना भिडलेलं असेल तर मूकपटाची चौकट, एका बाजूला चित्र आणि भोकं यांच्यामध्ये बारीक उभी पट्टी असेल तर ती आवाजाची.

‘बोलपट आला अन् सुलोचना संपली’ हे सर्रास लिहिलं जातं, ते अर्धंच खरं. हिंदुस्तानी धड येत नव्हतं, म्हणून वर्षभर ती भाषा शिकली आणि ‘माधुरी’तून परत उभी राहिली. उतार लागला तो त्यानंतर. १९५३ च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका, आणि ही सलीमची आई! फाळके पुरस्कार १९७३ चा. १९८३ मध्ये ती गेली.

तिचे मूकपट जवळजवळ सगळे नष्ट झाले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. उष्णतेने ती आधी पिवळट पडते, मग चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. नागपुरात कवेलूखाली मे महिना काढलेल्या डब्यात काय उरणार? तरी डबा निघालाच तर उन्हात उघडू नका, फिल्म नायट्रेटची आहे का ते बघायला काडी तर मुळीच लावू नका: नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. कुरिअरनेही पाठवू नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, गॅस-दिव्यापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी फोटो पाठवा.